पेशींची पकड आणि गांठीचा प्रवास

चाकणच्या औद्योगिक वसाहतींत मोटारगाडीचा सांगाडा कसा तयार होतो, हें पिंपरी-चिंचवडमधील पुष्कळ घरांत नव्यानें सांगावें लागत नाहीं. ज्या घरचा मुलगा, जांवई किंवा शेजारी वेल्ड-शॉपमध्यें कामाला आहे, त्या घरीं स्पॉट वेल्डिंग हा शब्द रोजच्या बोलण्यांतला आहे. पातळ पत्र्याचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवावयाचे, तांब्याच्या दोन टोकांमध्यें ते दाबून धरावयाचे आणि क्षणभर जबर विद्युत्प्रवाह सोडावयाचा. तेवढ्या ठिकाणीं पोलाद वितळून एकजीव होतें आणि एक ठिपका उमटतो. एका गाडीच्या सांगाड्यांत असे कांहीं हजार ठिपके असतात. पत्रा कितीहि उत्तम असला तरी गाडीचा भरंवसा शेवटीं ह्या ठिपक्यांवर. म्हणून तपासणीच्या वेळीं दोन पत्र्यांच्या फटींत छिन्नी घालून जोड पारखला जातो. मोडून पाहावयाच्या नमुन्यांत पत्रा फाटला तरी चालतो, परंतु ठिपका सुटतां कामा नये.

शरीराची रचनाहि ह्याच तत्त्वावर उभी आहे. आंतड्याचें अस्तर, स्वादुपिंड, फुप्फुसांतील नळ्या, कातडी हीं सारीं असंख्य पेशींचीं बनलेलीं आहेत. आणि त्या पेशी एकमेकींशेजारीं नुसत्या पडलेल्या नसतात, त्या एकमेकींना धरून असतात. ह्या पकडीच्या जागा सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं दिसतात. त्यांतील एका प्रकाराला डेस्मोसोम म्हणतात, आणि जीवशास्त्राचीं पुस्तकें त्याला स्पॉट वेल्डचीच उपमा देतात. एक मोठा भेद मात्र आहे. पोलादाचा ठिपका एकदां बसला कीं कायमचा बसला. पेशींचा जोड जिवंत असतो. तो सुटतो, पुन्हां जुळतो, आणि कोणाशीं जुळावयाचें हेंहि बदलतो. जखम भरून येते किंवा गर्भाला आकार येतो तो ह्या लवचिकपणामुळेंच. आणि कर्करोग शरीरभर पसरतो तोहि ह्याच लवचिकपणाच्या गैरवापरामुळें. न्यूरोएंडोक्राइन नांवाच्या गांठींच्या बाबतींत ही गोष्ट फार बारकाईनें अभ्यासिली गेली आहे. म्हणून त्यांच्याच उदाहरणावरून ती समजून घेणें सोईचें होईल.

ह्या गांठींचें नांव महाराष्ट्रांतील सामान्य घरांत पोंचलें तें २०१८ सालीं. चित्रपटनट इरफान खान ह्यांनीं त्या वर्षाच्या १६ मार्च रोजीं आपल्याला न्यूरोएंडोक्राइन गांठ झाल्याचें जाहीर केलें. नांवांतील 'न्यूरो' हा भाग ऐकून हा मेंदूचा विकार असावा असा तर्क पुष्कळांनीं केला. तसें नेहमींच नसतें, हें त्यांना आपल्या निवेदनांतच सांगावें लागलें. २९ एप्रिल २०२० रोजीं मुंबईंत त्यांचें निधन झालें. तो गैरसमज मात्र अजून पुरता गेलेला नाहीं.

आंतडें, जठर, स्वादुपिंड, फुप्फुस ह्या अवयवांत सर्वत्र विखुरलेल्या कांहीं विशेष पेशी असतात. मज्जातंतूकडून किंवा अन्नाकडून सूचना मिळाली कीं त्या आपल्या पोटांतील सूक्ष्म पुड्या फोडून संप्रेरकें, म्हणजे हॉर्मोन, रक्तांत सोडतात. रक्तांतील साखर आटोक्यांत ठेवणारें इन्सुलिन अशाच पेशी बनवितात. आंतड्याच्या हालचालीवर ताबा ठेवणारें सेरोटोनिनहि अशाच पेशींचें. मज्जापेशींचे कांहीं गुण आणि अंतःस्रावी ग्रंथींचे कांहीं गुण त्यांच्या ठिकाणीं एकत्र आलेले असतात; म्हणून त्या न्यूरोएंडोक्राइन. अशा पेशींची बेसुमार वाढ होऊन जी गांठ बनते, तिला तेंच नांव मिळालें आहे. हा रोग विरळा खरा, परंतु पूर्वीं समजला जात होता तितका विरळा नाहीं. अमेरिकेंतील नोंदींप्रमाणें १९७३ सालीं दर लाख लोकांत वर्षाला १.०९ नवे रोगी आढळत. २०१२ सालीं हा आंकडा ६.९८ झाला. ह्या वाढींत तपासणीचीं साधनें सुधारल्याचा वांटा मोठा आहे.

ह्या गांठींच्या इतिहासांतच एक इशारा दडलेला आहे. म्यूनिकचे विकृतिशास्त्रज्ञ सीगफ्रीड ओबर्नडॉर्फर ह्यांनीं १९०७ सालीं लहान आंतड्यांतील अशा गांठींना 'कार्सिनॉइड' हें नांव दिलें. कर्करोगासारखी दिसणारी, पण कर्करोग नव्हे, असा त्याचा अर्थ. गांठी लहान, वाढ मंद, कडा नीटस. तेव्हां त्या निरुपद्रवी आहेत असें त्यांना वाटलें. पुढें १९२९ सालीं त्यांनींच नव्या निरीक्षणांवरून लिहिलें कीं, ह्या गांठी घातकहि होऊं शकतात आणि दूरवर पसरूं शकतात. संथ वाढणारी गांठ दूर पसरते ती कशी, हा प्रश्न तेव्हांपासून उभा आहे.

वाढ आणि प्रसार ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें पहिल्यानें ध्यानांत घ्यावयास हवें. वाढणें म्हणजे पेशींची संख्या वाढणें. पसरणें म्हणजे पेशीनें आपली जागा सोडून दुसऱ्या अवयवांत बिऱ्हाड करणें. कर्करोगानें होणाऱ्या मृत्यूंपैकीं बहुतेक मृत्यू मूळ गांठीमुळें होत नाहींत, ते ह्या दुसऱ्या बिऱ्हाडांमुळें होतात. पिंपरीला १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, तेव्हां वैद्यकाचें लक्ष बाहेरून शरीरांत शिरणाऱ्या जंतूंवर होतें. जंतूला परका म्हणून ओळखून मारतां येतें. येथें मात्र प्रवासी शरीराच्या घरचाच असतो, आणि त्याच्याजवळचीं साधनेंहि शरीरानेंच दिलेलीं असतात.

त्या प्रवासाचे टप्पे असे. प्रथम पेशीनें शेजारणीचा हात सोडावयाचा. मग ज्या पडद्यावर सारें अस्तर बसलेलें असतें, तो पडदा कुरतडून बाहेर पडावयाचें. पुढें रक्तवाहिनी किंवा लसिकावाहिनी गांठावयाची, तिच्या भिंतींतून आंत शिरावयाचें, वाहत्या रक्ताचा मारा सोसावयाचा, दूरच्या अवयवांत पुन्हां भिंतीला चिकटावयाचें, बाहेर यावयाचें आणि नव्या जागीं पाय रोवावयाचा. ह्यांतील जवळजवळ प्रत्येक पायरीवर कोठें धरावयाचें आणि कोठें सोडावयाचें हाच प्रश्न आहे. निरोगी पेशीला हें साधत नाहीं. कारण शरीरानें एक कडक नियम घालून ठेवला आहे. ज्या पेशीचा आधार सुटतो, ती आपण होऊन मरते. कर्करोगाच्या पेशी हा नियम मोडावयास शिकलेल्या असतात.

पेशीची पकड कशाची असते? प्रामुख्यानें प्रथिनांची. त्यांपैकीं सर्वांत महत्त्वाच्या प्रथिनाला ई-कॅडहेरीन म्हणतात. कॅल्शियम असतां चिकटणारें, असा ह्या नांवाचा अर्थ. आणि जपानचे मासातोशी ताकेइची ह्यांच्या संशोधनांतून तें पुढें आलें. प्रयोगशाळेंतील बशींत चिकटून वाढणाऱ्या अशा पेशींच्या द्रवांतून कॅल्शियम काढून घेतलें, तर त्या एकमेकींपासून सुटूं लागतात. ई-कॅडहेरीनचें एक टोक पेशीच्या बाहेर असतें. तें शेजारच्या पेशीच्या तशाच टोकाला धरतें. दुसरें टोक पेशीच्या आंत असतें, आणि तें बीटा-कॅटेनिन व तत्सम प्रथिनांच्या द्वारें पेशीच्या आंतल्या सांगाड्याला बांधलेलें असतें. म्हणजे ही पकड वरवर लावलेल्या गोंदासारखी नाहीं. ती घराच्या तुळईपर्यंत गेलेली आहे. शिवाय बीटा-कॅटेनिनला दुसरेंहि एक काम आहे. तें मोकळें होऊन सांचूं लागलें, तर पेशीच्या केंद्रांत जाऊन वाढीच्या आज्ञा सुरू करूं शकतें. पकड आणि वाढ ह्यांचे दोर असे एकमेकांत गुंतलेले आहेत.

ई-कॅडहेरीन नाहींसें होतें तें नेहमीं अपघातानें होतें असें नाहीं. पुष्कळदां पेशी स्वतःच त्याची निर्मिति बंद करते. गर्भावस्थेंत कांहीं पेशींना एका जागेहून उठून दुसरीकडे जावयाचें असतें. त्या वेळीं 'स्नेल' नांवाचें एक नियामक प्रथिन ई-कॅडहेरीनच्या जनुकाला कुलूप लावतें. स्पेनमधील दोन संशोधक-गटांनीं २००० सालीं दाखवून दिलें कीं, गांठीच्या पेशीहि हेंच कुलूप वापरतात. जन्मापूर्वीं उपयोगी पडलेली आणि पुढें मिटवून ठेवलेली युक्ति त्या पुन्हां उघडतात, इतकेंच.

परंतु पकड सुटली म्हणून गांठ पसरली, कीं गांठ पसरण्याइतकी बिघडली म्हणून पकड सुटली? दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एक दुसरीचें कारण ठरत नाहीं. ह्या शंकेचें उत्तर मिळालें तें न्यूरोएंडोक्राइन गांठींवरच. डग्लस हॅनहन ह्यांनीं १९८५ सालीं उंदरांची एक जात तयार केली होती. ह्या उंदरांच्या स्वादुपिंडांत इन्सुलिन बनविणाऱ्या पेशींच्या गांठी ठराविक क्रमानें होतात: आधीं निरुपद्रवी वाढ, मग बांधलेली गांठ, आणि थोड्या उंदरांत आजूबाजूला शिरणारा कर्करोग. त्याच उंदरांवर गेरहार्ड क्रिस्टोफोरी व त्यांचे सहकारी ह्यांनीं व्हिएन्ना येथें प्रयोग केले, व ते १९९८ सालीं प्रसिद्ध झाले. कांहीं उंदरांच्या गांठींत ई-कॅडहेरीन जाणीवपूर्वक टिकवून ठेवलें. त्या गांठी बहुधा बांधलेल्या अवस्थेंतच थांबल्या. दुसऱ्या कांहीं उंदरांत ई-कॅडहेरीनचें काम मुद्दाम बिघडवलें. त्यांच्या गांठी लवकरच आजूबाजूला शिरूं लागल्या व पसरल्या. पकड सुटणें हें केवळ लक्षण नव्हे, तें कारणहि आहे, हें अशा रीतीनें सिद्ध झालें.

पुढच्याच वर्षीं, १९९९ मध्यें, दुसऱ्या एका प्रथिनाची पाळी आली. एन्-कॅम हें त्याचें संक्षिप्त नांव. मज्जापेशी एकमेकींना ज्या प्रथिनांनीं धरतात त्यांपैकीं हें एक, आणि न्यूरोएंडोक्राइन पेशींच्या अंगावरहि तें असतें. त्याच जातीच्या उंदरांतून एन्-कॅम कमी किंवा नाहींसें केलें, तेव्हां गांठी पसरल्या, आणि त्या मुख्यतः जवळच्या लसिका-ग्रंथींत आढळल्या. ह्या घटनेचा आणखी एक पदर २००६ सालीं उलगडला. गांठीला रक्त पुरविणाऱ्या बारीक वाहिन्यांना बाहेरून बिलगून बसणाऱ्या कांहीं पेशी असतात. वाहिनीची भिंत घट्ट ठेवणें हें त्यांचें काम. एन्-कॅम नसलेल्या उंदरांत ह्या पेशींची पकडहि ढिली झाली होती आणि वाहिन्या झिरपत होत्या. म्हणजे दार दोन्ही बाजूंनीं उघडतें. आंतला प्रवासी सुटा होतो आणि रस्त्याची भिंतहि सैल होते.

ह्या विषयावर महाराष्ट्रांतहि काम झालें आहे. टाटा स्मारक केंद्राची संशोधन-संस्था नवी मुंबईंत खारघर येथें आहे. तेथें डॉ. सोराब दलाल ह्यांच्या प्रयोगशाळेंत डेस्मोसोमचा, म्हणजे आरंभीं सांगितलेल्या स्पॉट वेल्डचा, अभ्यास चालत आला आहे. डेस्मोसोममध्यें प्लॅकोफिलिन-३ नांवाचें एक प्रथिन असतें. मोठ्या आंतड्याच्या कर्करोगाच्या पेशींत तें कमी केलें असतां पेशींची परस्परांवरील पकड सैल होते, त्यांची हालचाल वाढते आणि उंदरांत त्यांचा प्रसार होतो, असें ह्या प्रयोगशाळेनें २००८ सालीं प्रसिद्ध केलें. ह्या पेशी न्यूरोएंडोक्राइन नव्हत्या. परंतु एका प्रकारच्या जोडांत जें घडतें तें दुसऱ्या प्रकारच्या जोडांतहि घडतें, हें त्यावरून दिसून आलें. प्रयोगांसाठीं लागणाऱ्या अशा पेशी सांभाळून ठेवणारें व संशोधकांना पुरविणारें राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र तर पुण्यांतच, गणेशखिंडीच्या विद्यापीठाच्या आवारांत आहे.

येथपर्यंतची हकीकत सरळ आहे: जोड सुटला, पेशी निसटली, रोग पसरला. माणसांतील गांठी मात्र इतक्या सरळ वागत नाहींत. संथ वाढणाऱ्या न्यूरोएंडोक्राइन गांठी तपासल्या, तर त्यांपैकीं पुष्कळींत ई-कॅडहेरीन पूर्णपणें नाहींसें झालेलें नसतें. कांहींत तें कमी झालेलें असतें. स्वादुपिंडाच्या कांहीं गांठींत तें आपली जागा सोडून, पेशीच्या कडेवर असावयाचें तें केंद्रांत जाऊन बसलेलें आढळतें. आणि कांहीं गांठींत तें जागच्या जागीं असूनहि यकृतांत दुसरी गांठ झालेली असते. फुप्फुसाच्या लहान-पेशी कर्करोगांत, जो न्यूरोएंडोक्राइन कुळांतलाच पण अतिशय जलद वाढणारा आहे, आणखी वेगळा प्रकार दिसतो. तेथें एन्-कॅम भरपूर असतें, परंतु त्यावर एका शर्करेच्या लांब सांखळ्या चढलेल्या असतात. त्या पेशींना एकमेकींपासून दूर ढकलतात. हात जागेवरच आहे, पण त्याला तेल लागलेलें आहे, अशी ती स्थिति.

जोड शाबूत असतांना गांठ पसरते ती कशी? ह्याचें एक उत्तर अलीकडच्या संशोधनानें दिलें आहे. पूर्वीं बोरघाटांतून मालाची ने-आण करणारे लमाण एकटेदुकटे निघत नसत. ते तांड्यानें निघत, कारण तांड्याला वाटेंत धोका कमी. गांठीच्या पेशीहि कित्येकदां अशाच निघतात. मूळ गांठीशीं असलेला संबंध त्या तोडतात, पण आपसांतली पकड कायम ठेवतात. अमेरिकेंतील संशोधकांनीं २०१४ सालीं स्तनांच्या कर्करोगाच्या बाबतींत दाखविलें कीं, रक्तांतून जाणाऱ्या एकट्या पेशीपेक्षां पेशींच्या झुबक्याची नवी गांठ निर्माण करण्याची शक्ति उंदरांत २३ ते ५० पटींनीं अधिक असते. त्यापुढें २०१९ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, त्याच रोगाच्या कांहीं प्रकारांत ई-कॅडहेरीन अजिबात काढून टाकलें, तर पेशी मूळ जागेंतून अधिक बाहेर पडतात खऱ्या, पण वाटेंतच मरतात आणि नवें बिऱ्हाड थाटूं शकत नाहींत. ज्या प्रथिनानें गांठ बांधून ठेवावयाची, तेंच प्रवासांत तिचें रक्षण करतें!

ह्या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे खरा अर्थ हातीं येतो. पकड नाहींशी होणें हें प्रसाराचें मर्म नव्हे. पकड बदलणें हें मर्म होय. जेथें धरून राहावयाचें तेथें पेशी सोडते, आणि जेथें सोडावयाचें तेथें धरून राहते. निघतांना सैल, वाटेंत आपसांत घट्ट, आणि मुक्कामाला पोंचल्यावर पुन्हां नव्या शेजाऱ्यांशीं घट्ट, असा तिचा व्यवहार असतो. मुक्कामहि वाटेल तेथें पडत नाहीं. इंग्रज शल्यविशारद स्टीफन पॅजेट ह्यांनीं १८८९ सालींच म्हटलें होतें कीं, बीं सगळीकडे उडतें, पण मानवेल त्या जमिनींतच रुजतें. पोटांतील न्यूरोएंडोक्राइन गांठींची आवडती जमीन म्हणजे यकृत. आंतड्याचें व स्वादुपिंडाचें रक्त प्रथम यकृतांतच येतें, तेथें त्याची गति मंदावते, आणि चिकटावयास भिंती भरपूर असतात.

रोग्याच्या दृष्टीनें ह्याचा परिणाम विलक्षण होतो. लहान आंतड्यांतील मूळ गांठ कित्येकदां दोन सेंटिमीटरहूनहि लहान असते आणि तिचा स्वतःचा त्रास नसतो. तिनें सोडलेलें सेरोटोनिन यकृतांत पोंचून तेथेंच निष्प्रभ होतें, म्हणून कोणतेंहि लक्षण दिसत नाहीं. पुढें गांठीच्या पेशी यकृतांत बिऱ्हाड करतात. आतां त्यांनीं सोडलेलीं द्रव्यें यकृताची चाळणी चुकवून थेट शरीराच्या रक्तप्रवाहांत मिसळतात. मग तोंडावर एकाएकीं लाली येऊं लागते, जुलाब सुरू होतात, छातींत घरघर होते. कालांतरानें हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपाहि जाड होतात. डावी बाजू बहुधा वांचते, कारण मध्यें फुप्फुसांत सेरोटोनिनचा पुष्कळसा नाश होतो. म्हणजे ज्या लक्षणांनीं रोग प्रथम कळतो, तीं लक्षणें पुष्कळदां पेशींनीं जागा सोडून मुक्काम गांठल्याचीं असतात.

आणि हीं लक्षणें किती फसवीं! तोंडावरची लाली पन्नाशीच्या बाईला आली, तर ऋतुनिवृत्तीची समजली जाते. जुलाब म्हणजे संग्रहणी किंवा बाहेरचें खाणें. घरघर म्हणजे दमा, आणि कारखान्याच्या धुरांत काम करणाऱ्याला दमा व्हावयाचाच. दहांपैकीं नऊ वेळां हे तर्क बरोबरच असतील, किंबहुना त्याहून अधिक वेळां. परंतु लाली आणि जुलाब हे दोन्ही एकाच माणसाला, कारणावांचून, महिनोन्महिने होत असतील आणि नेहमींच्या औषधांना दाद देत नसतील, तर तें डॉक्टरांच्या कानावर एकत्र घालणें अवश्य आहे. दोन लक्षणें दोन वेगळ्या डॉक्टरांना वेगवेगळीं सांगितलीं, तर त्यांचा सांधा कोणालाच दिसत नाहीं.

गांठीचा तुकडा तपासून आलेला कागद घरीं येतो, तेव्हां त्यांतील तीन-चार शब्द समजून घेतले तर घरच्या माणसांना डॉक्टरांशीं नीट बोलतां येतें. सिनॅप्टोफायसिन व क्रोमोग्रॅनिन हे शब्द ती गांठ न्यूरोएंडोक्राइन कुळांतली आहे हें सांगतात. 'सीडी ५६' असाहि एक शब्द त्यांत असतो. हें दुसरेंतिसरें कांहीं नसून वर वर्णिलेलें एन्-कॅमच होय. चिकटण्याचें प्रथिन येथें ओळखीची खूण म्हणून उपयोगीं पडतें. चौथा शब्द 'के-आय ६७'. शंभर पेशींपैकीं किती पेशी विभाजनाच्या तयारींत आहेत, ह्याचा तो आंकडा. तो ३ पेक्षां कमी असेल तर पहिली श्रेणी, ३ ते २० असेल तर दुसरी, आणि २० हून अधिक असेल तर तिसरी. श्रेणी जितकी वरची तितकी वाढ जलद. परंतु हा आंकडा वाढीचा आहे, प्रसाराचा नव्हे, हें विसरतां कामा नये. पहिल्या श्रेणीची गांठहि पसरलेली असूं शकते. ओबर्नडॉर्फर ह्यांना १९२९ सालीं उमगलेलें सत्य तें हेंच.

मग उपाय काय? गांठ एका जागीं असेल तर ती शस्त्रक्रियेनें काढतां येते, आणि तोच सर्वांत चांगला उपाय. पसरली असली तरी हात टेकावयाचें कारण नाहीं. ह्यांतील बहुतेक संथ गांठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन नांवाच्या संप्रेरकाला धरणारे ग्राहक-रेणु मुबलक असतात. त्या संप्रेरकाची नक्कल असलेलीं ऑक्ट्रिओटाइड व लॅनरिओटाइड हीं इंजेक्शनें लाली व जुलाब आटोक्यांत आणतात, आणि गांठीची वाढहि मंद करतात. त्याच नकलेला गॅलियम-६८ हें किरणोत्सर्गी द्रव्य जोडून रक्तांत सोडलें, तर शरीरांत कोठें कोठें बिऱ्हाडें झालीं आहेत तें चित्रांत दिसतें. गॅलियमच्या जागीं ल्युटेशियम-१७७ जोडलें, तर तेंच वाहन बिऱ्हाडांपर्यंत किरण पोंचवून त्यांचा नाश करतें. सुमारे आठ आठवड्यांच्या अंतरानें सामान्यतः चार मात्रा दिल्या जातात. ह्या उपचाराचा लाभ दाखविणारी मोठी तौलनिक चाचणी २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. महाराष्ट्राची ह्यांतली कामगिरी लहान नाहीं. तुर्भ्याच्या भाभा अणु संशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टींत ल्युटेशियम-१७७ तयार होतें, आणि त्याच केंद्राच्या परळ येथील किरणोपचार संस्थेंत हे उपचार दिले जातात.

सुटलेली पकड पुन्हां जुळवून देणारें औषध मात्र आजमितीस उपलब्ध नाहीं. त्याचें कारणहि वरील विवेचनांत आलेंच आहे. कारखान्यांत कच्चा निघालेला जोड पुन्हां मारतां येतो, कारण पत्रा आपली जागा सोडून गेलेला नसतो. शरीरांत मात्र सगळ्याच पेशींची पकड वाढविली, तर रक्तांतून फिरणारे झुबके अधिकच घट्ट होण्याचें भय, आणि सगळ्यांची कमी केली तर मूळ गांठ विखुरण्याचें भय. कोणत्या पेशीला, कोणत्या टप्प्यावर, कोणती पकड द्यावयाची, हें ठरविणें हेंच पुढच्या संशोधकांपुढचें काम आहे.

तोंवर सामान्य माणसाच्या हातीं एक गोष्ट उरते, आणि ती लहान नाहीं. गांठीचा आकार लहान आहे, वाढ सावकाश आहे, ह्यावर विसंबून पुढच्या तपासण्या टाळूं नयेत. चाकण-पिंपरीच्या पाळ्यांच्या धांवपळींत रजा काढून तपासणीला जाणें कठीण असतें, घरच्या बाईला तर त्याहून कठीण. तरीहि ज्यांची अशी गांठ निघाली आहे, त्यांनीं शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनीं नेमून दिलेली प्रत्येक तपासणी वर्षानुवर्षें करीत राहावी. ह्या रोगाची चाल संथ असते, म्हणून त्यावरील पहाराहि तितकाच दीर्घ हवा. वेळेवर दिसलेलें बिऱ्हाड लहान असतें, आणि लहान असतांनाच तें उठविणें सर्वांत सोपें जातें.